सदास, फोंड्याहून

प्रिय सदा,

वैनीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आलो नाही, नंतर साधा फोनही केला नाही. शिव्या द्यायच्या त्या देऊन घे, पण कोकणीतून दे, पुण्यात राहून तुझ्या मराठी शिव्या अगदीच सोवळ्या झाल्यात. माझे बरे आहे. प्रेशर आटोक्यात, साखर थोडी वर, ती का ते पुढे कळेल.

मला रक्तपिती झाली आहे, म्हणजे कुष्ठरोग.

थट्टा नाही. उठून पाणी पिऊन ये आणि मग पुढचे वाच.

चवथीच्या आदल्या रात्री मी नेवऱ्या तळायला बसलो होतो. सुमन सारण भरत होती, ती एकदम किंचाळली. माझ्या डाव्या हाताची करंगळीकडची कड कढईच्या काठाला टेकलेली, आणि मी आपला झाऱ्याने नेवऱ्या उलटतोय, गणपतीवर टांगायच्या माटोळीला कातरे कमी पडले म्हणून बडबडतोय. जळल्याचा वास तिला आला. मला कळले ते तिने हात ओढला तेव्हा. फोड आला टपोरा, दुखला मात्र नाही. कोपराखाली एक फिकट, तांबूस चट्टा बऱ्याच दिवसांचा होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरने तो गजकर्ण ठरवून मलमावर मलम दिले, आणि बोटांचा बधिरपणा साखरेच्या खात्यावर टाकला. न खाजणारे गजकर्ण कुठे असते का रे?

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथली डॉक्टरीण आपल्या मानसीच्या वयाची. म्हणाली, ‘काका, डोळे मिटा, मी जिथे टेकवीन तिथे बोट ठेवा.’ हातात नायलॉनचा बारीकसा धागा. दंडावर लागला, मी बोट ठेवले. मनगटावर ठेवले. मग बराच वेळ काहीच लागेना. मला वाटले बाई कागद लिहीत असतील. डोळे उघडून पाहतो तर ती चट्ट्यावर धागा टेकवून माझी वाट बघत होती. मग कोपराच्या मागची नस चाचपली, ती सुतळीसारखी जाड झालेली. केसपेपर माझ्या करंगळी-अनामिकेत धरायला लावला आणि हळूच ओढला. माझी बोटे तो धरूच शकली नाहीत. डोळे घट्ट मिटायला लावून पापण्या उघडून पाहिल्या, कानाच्या पाळीतून नमुना घेतला. हे सगळे करताना ती ‘पाऊस यंदा फारच, नाही?’ असे बोलत होती. फार शहाणी मुलगी.

बारा महिने गोळ्या, तीन औषधे, फुकट. अशी औषधे एकत्र द्यायची पद्धत जगभर 1981 पासूनची म्हणे. पहिल्याच डोसाने जवळजवळ सगळे जंतू मरतात, पुढे माझ्यापासून कुणाला धोका उरत नाही. नस सुजली होती म्हणून वर स्टिरॉइड, त्यानेच साखर चढली. एका औषधाने लघवी लाल होते, दुसऱ्याने कातडी काळवंडते. म्हणजे काल्याच्या नाटकातला काळा संकासूर आता मी रंग न लावता करीन. राम तूच कर. त्या वर्षी माझ्या तोंडचा राम तू पळवलास ते मी विसरलेलो नाही, मास्तरांना तुझ्या आईने दिलेल्या खतखत्याच्या डब्यासकट.

पण हे तुलाच का लिहितो ते तुला कळले असेल. बांबोळीहून येताना बसमध्ये सारखी शांतेमावशी डोळ्यांपुढे. तुमच्या भाटाच्या बागेतली ती मांगराची झोपडी, लांबून सरकवलेले ताट, आणि आपण दोघे आईचा डोळा चुकवून तिच्याकडे गोष्टी ऐकायला जायचो ते. ती झोपताना डोळ्यांवर ओला फडका टाकायची, आठवते? आपल्याला तो तिचा लाड वाटायचा. तिच्या पापण्या मिटतच नव्हत्या, सदा. हे जंतू अंगाच्या थंड भागांत वाढतात, कानाची पाळी, नाक, हातपाय, आणि नसा धरतात. चेहऱ्याच्या नसा गेल्या की डोळा उघडाच राहतो, त्यात कचरा गेला तरी समजत नाही, आणि हळूहळू दिसायचे बंद होते. बोटेही रोग ‘खात’ नाही. बधिर बोटाला चूल लागते, काटा लागतो, जखम चिघळते, रात्री उंदीर कुरतडतो. तिच्या पायाचे बोट उंदराने नेले तेव्हा ती हसत हसत सांगत होती, आणि तू बाहेर जाऊन ओकलास. तिला वेळेवर कुणी नेले असते तर? माकाझनचे कुष्ठरुग्णालय पोर्तुगीज आमदानीतच डॉ. फ्रोयलानो द मेलोंनी उभारले होते. पण तिथे नेले की गावात कळते. मांगरात ठेवले की कळत नाही, असे तुमच्या आजोबांना वाटले. सगळ्या गावाला ठाऊक होते.

आता आमच्या घरातही तेच चाललेय, फक्त मांगर नाही. मानसीचे डिचोलीला जवळजवळ ठरले आहे. मुलगा चांगला, माणसे साधी. सुमन म्हणते शब्द पक्का होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. मी म्हणतो, उद्या व्याह्यांनी गोळ्यांचे पाकीट पाहिले तर? ती म्हणते, बारा महिन्यांत पाकीट संपते, लग्न मोडले की मोडले. ती चूक बोलतेय असे मला म्हणता येत नाही. मी तिला सांगितले, सरकार सांगते की 2005 सालीच देशात दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरले. तर म्हणते, ‘मग तो एक तुम्हीच कसे सापडलात?’

2019 साली हिंदू विवाह कायद्यातून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण काढून टाकले, हेही सांगून झाले. त्यावर आमचे शेजारी वकील म्हणाले, गोव्यात तो कायदाच लागू नाही, आपल्याकडे पोर्तुगीजांचा. (त्यांना मी ‘एका ओळखीच्याचे’ म्हणून विचारले होते. बहुतेक ओळखले असावे, त्या दिवसापासून चहा बाहेरच्या ओसरीवर येतो. किंवा उकाड्यामुळे असेल. आता मला सगळेच तसे दिसते.)

मानसीला सांगितले आहे. घरच्यांना एकेक डोस घ्यावा लागतो, तो तिने माझ्यासमोर गिळला आणि म्हणाली, ‘बाबा, तुमची पत्रिका कुठे जुळवायचीय?’ धीट आहे. पण रात्री तिच्या खोलीत दिवा जळत होता.

मला वाटते सांगावे. आणि वाटते, शांतेमावशीचे नाव निघाल्यावर तुझे सांगलीचे स्थळ कसे गेले ते मी पाहिले आहे. त्या माणसांना कुणी फसवले नव्हते, आजोबांनी सरळ सांगितले होते. तेव्हा तू आठवडाभर माझ्याशीही बोलला नव्हतास. वैनी मिळाली हे तुझे नशीब, पण मानसीला नशिबावर सोडू का? तू म्हणशील तसे करीन, असे लिहीत नाही. तुझे ऐकून मी आजवर काही धड केलेले नाही. पण तू काय केले असतेस ते सांग, खरे सांग, मित्र म्हणून गोड नको.

वैनी जिना चढते का आता? फिजिओवाल्याला कंटाळून सोडू नका. निखिलच्या नोकरीचे कळव. तुझ्या घराचा पुनर्विकास होतोय की अजून मीटिंगाच?

व्याही पुढच्या आयतवारी येतायत, त्याआधी लिही. फोन करू नको. आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि सुमनची आई ऐकायला बसलेली असते.

तुझा,
विठू