बाबांची झोप आणि साताऱ्याची तारीख

ती. आई-बाबांस सा. न.

आई, बाबांच्या झोपेसाठी साताऱ्याच्या मानसोपचारतज्ज्ञांची तारीख घेतली म्हटल्यावर परवा फोनवर तू म्हणालीस, "तसल्या डॉक्टरकडे जायला यांना काय वेड लागलंय?" बाबा मागेच बसले असणार. फोनवर हा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी "जेवलीस का"वर येते, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. दोघांनी मिळून वाचा. बाबांपासून लपवावं असं यात काही नाही.

बाबा, उशाजवळच्या डब्यातली झोपेच्या गोळीची पट्टी जरा हातात घ्या. अल्प्राझोलाम, ०.२५ मिलिग्रॅम. मागे लाल चौकटीत इशारा आहे आणि नावाजवळ 'एनआरएक्स' असं छापलंय. याचा अर्थ हे मेंदूवर काम करणारं, कायद्याने नियंत्रण असलेलं औषध आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि दुकानदाराला त्याची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. म्हणजे मनाचं औषध तीन महिने घरात चालूच आहे, फक्त ते देणारा माणूस त्यातला जाणकार नाही.

या गोळीने झोप लागते, पण झोप का गेली ते तसंच राहतं. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय होते, मग अर्धीची एक आणि एकाची दोन होतात. सत्तरीच्या पुढे तिचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं, यात नवल काहीच नाही. विसरभोळेपणाही वाढतो. पण हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, जिवाची घालमेल होते, क्वचित फिटही येते. ती थोडी थोडी, आठवड्या-आठवड्यांनी उतरवायची असते, आणि किती उतरवायची ते डॉक्टरच सांगतील.

मला शंका नैराश्याची आहे, आणि या वयातलं नैराश्य बहुतेकदा शरीराची तक्रार होऊन येतं. म्हणून "मला कसलं दुःख आहे? सगळं छान चाललंय" हे बाबांचं म्हणणं खरं असलं तरी त्याने आजार खोटा ठरत नाही. पहाटे साडेतीनला जाग येते आणि परत डोळा लागत नाही. सकाळ सगळ्यात जड जाते, दिवेलागणीला जरा बरं वाटतं. घास फिरतो, पोट साफ होत नाही, पेपर समोर उघडा असतो पण वाचला जात नाही. लेंग्याची नाडी पूर्वीपेक्षा चार बोटं जास्त आवळावी लागते. आई, हे सगळं तूच मला तुकड्या-तुकड्याने सांगितलंस, फक्त प्रत्येक तुकडा वेगळ्या आजाराच्या नावाने. पित्त, वात, वय.

विसरण्याचंही तसंच. नैराश्यातला माणूस स्वतःहून कुरकुरतो, "मला काही आठवेनासं झालंय." स्मृतिभ्रंशातला माणूस बहुधा वेळ मारून नेतो, काळजी घरच्यांना लागते. बाबा स्वतः तक्रार करतात, याचा मला धीर वाटतो. तरी नक्की काय ते तपासूनच कळेल.

'निम्हान्स' या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मोठी पाहणी केली होती. वेगवेगळ्या मानसिक आजारांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. मला वाटतं, यातले पुष्कळजण हातावर हात ठेवून बसलेले नसतात. ते पोटाच्या डॉक्टरकडे जातात, एंडोस्कोपी करतात, हाडांच्या डॉक्टरकडून कॅल्शियम घेतात, देवऋष्याकडे जातात, दुकानातून झोपेची गोळी आणतात. एका दारावरची पाटी नको म्हणून बाकीची सगळी दारं ठोठावतात आणि वर्ष-दोन वर्षं तशीच जातात. तोवर दुखणं मुरतं. आई, तू अंगारा लाव, नवस बोल, मी काही म्हणणार नाही. फक्त साताऱ्याची तारीख चुकवू नका.

आता तिथे नेमकं काय होतं ते सांगते. पाटीवर 'मानसोपचारतज्ज्ञ' असेल त्यांच्याकडेच जायचं. ते एम.बी.बी.एस. होऊन पुढे याच विषयात एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेले असतात आणि औषध तेच देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत. बाबांना कदाचित दोन्ही लागेल, पण सुरुवात पहिल्यांकडून.

पहिली भेट अर्ध्या-पाऊण तासाची असते. झोप, भूक, वजन, जुने आजार, दारू-तंबाखू, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, हे विचारतील. थोडा वेळ बाबांशी एकट्याने बोलतील, थोडा वेळ आईशी. कदाचित १५ हो-नाही प्रश्नांचा कागद पुढे ठेवतील. तो खास म्हाताऱ्या माणसांसाठी केलेला आहे. त्यात अंगदुखी-अपचनाचे प्रश्न मुद्दाम टाळलेत, कारण या वयात ते कुणालाही असतात. "जगणं नकोसं वाटतं का?" असंही विचारतील. बाबा, हे सगळ्यांनाच विचारतात आणि विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. जे असेल ते सांगा.

रक्त आधीच तपासून ठेवा: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडची टी.एस.एच., बी-१२, सोडियम. थायरॉइड कमी पडलं की माणूस असाच मंदावतो. बाबा कित्येक वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतात, त्याने बी-१२ उतरू शकतं, आणि आपल्या शाकाहारी जेवणात ते मुळातच कमी. एक ई.सी.जी.ही काढून ठेवा, कारण काही औषधं हृदयाच्या ठोक्यांकडे बघून द्यावी लागतात.

नैराश्यावरचं औषध बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं असेल, आणि या वयात नेहमीच्या निम्म्याने सुरू करतात. लोक नेमके इथेच सोडतात, म्हणून हे दोनदा वाचा. पहिले आठ-दहा दिवस फक्त त्रास जाणवतो: मळमळ, डोकं जड, थोडी बेचैनी. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हाताऱ्या माणसांत सहा-आठही. म्हणजे पहिल्या आठवड्यात "याने आणखीच बिघडलं" असं वाटणार आणि शेजारचं कुणीतरी "सोडा ती गोळी" म्हणणार. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. दुसरी चूक बरं वाटल्यावर होते. चांगलं वाटायला लागल्यापुढेही किमान सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावं लागतं, नाहीतर दुखणं उलटतं. आणि या औषधांची अल्प्राझोलामसारखी चटक लागत नाही, फक्त बंद करताना हळूहळू करतात.

बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी आठवणीने सांगा. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे 'एच' आहे, म्हणजे त्यात लघवी वाढवणारं औषध आहे. त्यात हे नवं औषध मिळालं की सोडियम घसरू शकतं: डोकं दुखतं, पाय लटपटतात, माणूस गोंधळतो. म्हणून दोन आठवड्यांनी सोडियम पुन्हा तपासायचं. आणि ते ॲस्पिरिन घेतात, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढू शकतो. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका.

"येरवड्याला पाठवतील" ही भीती मनातून काढा. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, पण तिथेही बाह्यरुग्ण विभागात दाखवून लोक त्याच दिवशी घरी जातात. बाबांना तर तिथे जावंही लागणार नाही.

काकांनी मृत्युपत्राचा आणि सातबाऱ्याचा विषय काढला होता ना, "एकदा कागदावर आलं की सही चालत नाही"? तसं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस वेडसर ठरत नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. विमा कंपन्यांनीही शारीरिक आजाराइतकंच मानसिक आजाराला संरक्षण द्यायचं, असं तोच कायदा सांगतो.

आणि कुणाला सांगायचं नसेल तर सांगू नका. यावर मी वाद घालणार नाही. साखर दाखवायला गेलो होतो म्हणा. औषध साताऱ्यातच घ्या, गावातल्या दुकानात नको. पुढच्या काही भेटी व्हिडिओवरही होतात, एस.टी. स्टँडवर कुणी भेटायचं कारण नाही. गावाला पटवायला आयुष्य पडलंय, बाबांची झोप आधी.

एक अवघड गोष्ट. बाबा, तुम्हीही वाचताय म्हणून सरळ लिहिते. गोठ्यामागच्या खोलीतले फवारणीच्या औषधाचे डबे पुढचे सहा महिने काकांकडे ठेवा. अशा दिवसांत एखादा तास फार वाईट येतो आणि जातोही. त्या तासाला ते हाताशी नसावेत एवढंच. तसं काही मनात आलं तर रात्री दोन वाजताही मला उठवा. मी उचलला नाही तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. मी बुधवारी रात्री येते. सोमवारी रक्त देऊन टाका, आणि आई, त्या पट्टीत किती गोळ्या उरल्यात ते मोजून कॅलेंडरवर लिहून ठेव.

तुमची,
ताई