गीतकाराच्या स्वतःच्या गळ्यातून

महोदय,

भीमजयंतीला आमच्या भुसावळच्या गल्लीत डीजे दणदणत असताना वडिलांनी कपाटातली जुनी कॅसेट लावली. भीमगीतं लिहिणाऱ्या लोककवी वामनदादा कर्डकांचा आवाज! सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले, मोठेपणी अक्षरं शिकलेले वामनदादा स्वतः लिहायचे आणि स्वतःच गायचे. इतर गायकांनी ती गाणी गोड केली, हे खरंच. पण दादा एखाद्या शब्दावर जोर देतात, तेव्हा तो शब्द तिथं का आला ते कळतं. मध्येच फीत अडकली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या वडिलांनी पेन्सिल घालून ती हलक्या हातानं गुंडाळली. खानदेशात अशा कॅसेटी कितीतरी घरांत धूळ खात असतील. आपल्या वाचनालयांनी त्या मागवून घ्याव्यात, संगणकावर उतरवून ठेवाव्यात. फिती फार दिवस टिकत नाहीत.

– एक वाचक, भुसावळ