नोव्हेंबरातला पंचविसावा तास

कोथरूड, पुणे
२० ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी अमेरिकेतून, दादाच्या घरून, फोनवर बाबांनी विचारले होते की, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे करायची असे दादा म्हणतो, तर हे नेमके कोणाच्या हुकमाने, आणि त्या दिवशी सूर्य काय निराळा उगवणार आहे? दारात दूधवाला उभा असल्यामुळे "तिकडे तशी पद्धत आहे" एवढे बोलून मी वेळ मारून नेली. पण ऑफिसात अमेरिका आणि इंग्लंड या दोन्हीकडच्या लोकांशी बैठकांच्या वेळा जुळवण्याचे कामच माझ्याकडे असल्याने हा विषय माझ्या रोजच्या ओळखीचा आहे, तेव्हा आता सविस्तर लिहिते. दादाला हे पत्र कागदावर छापून द्यायला सांगा. मोबाइलवर एवढे वाचायचे म्हणजे बाबांच्या डोळ्यांना त्रास होईल.

आधी आपल्या पुण्याचेच पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि पुणे आहे सुमारे ७३.८५ अंशांवर, त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्याकडचा सूर्य मध्यान्हीला यायला सरासरीने ३५ मिनिटे बाकी असतात. सरासरीने म्हणण्याचे कारण असे की, पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे खरी मध्यान्ह वर्षभर मागेपुढे होत राहते: फेब्रुवारीत ती पुण्याला १२ वाजून ४९ मिनिटांच्या आसपास होते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास. बरोबर बाराच्या ठोक्याला मात्र ती वर्षातल्या एकाही दिवशी होत नाही. म्हणजे पुण्यातले घड्याळ बारा महिने सूर्याच्या पुढे धावत असते आणि आपण कोणी त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

पूर्वी ज्या त्या गावाची वेळ ज्या त्या गावापुरती असे. पुण्याच्या आणि मुंबईच्या सूर्यात सुमारे ४ मिनिटांचा फरक आहे. टांग्याने आणि बैलगाडीने प्रवास करणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नव्हते. आगगाडी आली आणि वेळापत्रक छापायचे तर सगळ्या स्थानकांवर एकच वेळ हवी हे उघड झाले. आपल्याकडच्या रेल्वेने त्यासाठी मद्रासची वेळ धरली. मुंबई आपल्या वेळेवर आणि कलकत्ता आपल्या वेळेवर चालत राहिले. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली सध्याची प्रमाण वेळ लागू झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला 'बॉम्बे टाइम' मुंबईत स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून होता. आजोबांकडून बाबांनी त्याच्या गोष्टी ऐकल्या असतील.

मुळात ग्रिनिचच का, असे बाबा विचारतीलच. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत मध्यरेषा उज्जयिनीवरून जात असे आणि तिच्या पूर्व-पश्चिमेच्या गावांना देशांतर-संस्कार, म्हणजे रेखांशाच्या फरकाची दुरुस्ती, करून वेळ काढत. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेवरून जाणारी रेषा शून्य रेखांश म्हणून बहुमताने ठरवली. तेव्हा बहुतेक जहाजांचे नकाशे ग्रिनिचवरूनच मोजलेले होते, एवढे व्यवहारी कारण त्यामागे होते. फ्रान्स तटस्थ राहिला. पुढे १९११ मध्ये त्यालाही ती वेळ घ्यावीच लागली, पण कायद्यात ग्रिनिचचे नाव न घेता 'पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटे २१ सेकंद मागे' असे लिहिले. हा बाणा एखाद्या पेठेतच शोभला असता.

त्यानंतर तासातासाचे पट्टे पडले ते नकाशावर दिसतात तितके सरळ नाहीत, कारण ते सूर्याने नव्हे तर सरकारांनी आखलेले आहेत. चीन एवढा अवाढव्य, पण देशभर एकच वेळ. नेपाळ आपल्याहून १५ मिनिटे पुढे. पॅसिफिकमधल्या सामोआने २०११ मध्ये वाररेषेच्या, म्हणजे जिथे तारीख बदलते त्या रेषेच्या, पलीकडे जायचे ठरवले, तेव्हा तिथे ३० डिसेंबर ही तारीखच उगवली नाही. आपल्या देशातही गुजरातच्या टोकापासून अरुणाचलपर्यंत सूर्याचा जवळजवळ दोन तासांचा फरक आहे, म्हणून आसामातले चहाचे मळे आपले काम एक तास पुढच्या 'बागान' वेळेवर चालवतात.

आता तुमच्या घड्याळाकडे येते. न्यू जर्सीची वेळ ७५ अंश पश्चिम रेखांशावर बेतलेली आहे, आणि दादाचे एडिसन आहे साधारण ७४.४ अंशांवर. म्हणजे तिथल्या मूळ वेळेत आणि सूर्यात दोन-अडीच मिनिटांपलीकडे सरासरी फरक नाही. नोव्हेंबरात काटे मागे नेतात तेव्हा घड्याळ सूर्याशी पुन्हा जुळते. खरी लबाडी मार्चमध्ये होते, जेव्हा ते एक तास पुढे ढकलतात. त्यामुळे बाबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की, सूर्य त्या दिवशी निराळा उगवणार नाही, आठ महिने पुढे रेटलेले घड्याळच तेवढे पुन्हा त्याच्यापाशी येईल. शिवाय पुण्याच्या आणि एडिसनच्या सूर्यामध्ये अंतर आहे सुमारे ९ तास ५३ मिनिटांचे. आपण मात्र आठ महिने साडेनऊ तास आणि चार महिने साडेदहा तास असा हिशेब धरतो.

हा खटाटोप कशासाठी, तर उन्हाळ्यातल्या उजेडासाठी. पुण्यात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वादोन तासांचाही फरक नसतो. तुमच्याकडे डिसेंबरात दिवस सव्वानऊ तासांचा, तर जूनमध्ये पंधरा तासांचा. काटे पुढे केले नाहीत तर जूनमध्ये तिथे साडेचारच्या आत उजाडेल आणि तो उजेड लोकांच्या झोपेत वाया जाईल. तोच तास संध्याकाळी मिळावा अशी ही योजना आहे. ती पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांत न्यूझीलंडचा जॉर्ज हडसन होता, ज्याला नोकरी संपल्यावर किडे गोळा करायला उजेड हवा होता. त्याने १८९५ मध्ये दोन तासांचा बदल सुचवला. इंग्लंडमध्ये विल्यम विलेट या घरे बांधणाऱ्या गृहस्थाने १९०७ मध्ये त्यासाठी पुस्तिका काढली, पण हयातीत त्याचे कोणी ऐकले नाही. तो १९१५ मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ रोजी, महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने घड्याळे पुढे केली. तीन आठवड्यांत ब्रिटननेही तेच केले. अमेरिकेत हे १९१८ मध्ये आले. शेतकऱ्यांच्या सोयीसाठी हे काढले असे पुष्कळ जण सांगतात, पण शेतकऱ्यांनी तर त्याला विरोधच केला होता.

हुकूम कोणाचा म्हणाल, तर अमेरिकी संसदेच्या १९६६ च्या कायद्याचा. त्याचा कारभार तिथल्या वाहतूक खात्याकडे आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा सध्याचा काळ २००७ पासून आहे. एखाद्या राज्याला यातून बाहेर राहता येते. हवाई आणि बहुतेक ॲरिझोना तसे राहिले आहेत. वर्षभर पुढची वेळ ठेवण्याचा प्रयोग तेलटंचाईच्या काळात, १९७४ च्या जानेवारीत केला होता. पण मुलांना काळोखात शाळेला जावे लागते म्हणून ओरड झाली आणि त्याच वर्षी तो गुंडाळला गेला. मला विचाराल तर आपल्या अक्षांशावर असल्या उचापतीची गरजच नाही. मात्र आपणही एकदा ती केलेली आहे: दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत भारतातली घड्याळे एक तास पुढे होती. थोरल्या आत्यांचा जन्म त्याच काळातला असल्याने त्यांची पत्रिका पुन्हा मांडताना गुरुजींनी जन्मवेळेतून एक तास वजा केला होता, ते आईला आठवत असेल.

त्या रविवारी पहाटे दोन वाजले की पुन्हा एक वाजेल, म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येईल आणि तो दिवस २५ तासांचा होईल. मोबाइल आपोआप बदलतात. भिंतीवरचे घड्याळ हाताने करावे लागेल, आणि ओव्हनवरचे वहिनीलाच करू द्या. बाबांनी मनगटावरचे घड्याळ अजून पुण्याच्या वेळेवर ठेवले आहे असे दादा म्हणाला. त्याला हात लावण्याचे कारण नाही. त्या सुमारास तिथला सूर्योदय सव्वासातच्या पुढे गेलेला असेल, तो एकदम साडेसहाच्या आत येईल. पण सूर्यास्तही पाचच्या आधी होईल. तेव्हा बाबांनी संध्याकाळी फिरायला चार वाजताच निघावे.

आमच्या ऑफिसात या दिवसांत सगळ्यांची तारांबळ उडते. युरोप आणि इंग्लंड ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे मागे नेतात आणि अमेरिका बरोबर एक आठवड्याने. एरवी लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाच तासांचे अंतर असते, ते त्या आठवड्यात चारच तासांचे होते आणि तिघांच्या बैठकीची वेळ कोणा ना कोणाला अडचणीची ठरतेच. मार्चमध्ये तर हा घोळ दोन-तीन आठवडे चालतो. तुमच्याकडच्या सकाळी अकराच्या बैठकीला मी सध्या रात्री साडेआठला बसते. नोव्हेंबरपासून साडेनऊला बसावे लागेल.

आईने दिवाळीचे आणि एकादशीचे विचारले होते. तू इथून नेलेल्या पंचांगातला पुण्याचा सूर्योदय तिथे उपयोगाचा नाही, तिथी मात्र जगभर एकाच क्षणी संपते. समज, पंचांगात एकादशी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी संपते असे दिले आहे. त्यातून साडेनऊ तास वजा केले की तुझ्याकडे आदल्या रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटे होतात, आणि काटे मागे केल्यानंतर साडेदहा वजा केले की ८ वाजून ४० मिनिटे. त्यानंतरच्या तिथल्या सूर्योदयाला द्वादशी लागलेली असल्यामुळे तुझा उपवास आपल्यापेक्षा एक तारीख आधी येऊ शकतो. तिथल्या मंडळाने छापलेले वेळापत्रक मिळाले तर तेच धर; इथल्या शेजारणीला फोन करून विचारू नकोस, ती पुण्याचेच सांगेल.

गोळ्यांबद्दल मी आपल्या डॉक्टरांशी बोलले. दोघांच्याही गोळ्या जेवणाशी बांधलेल्या आहेत, त्यामुळे नव्या वेळेप्रमाणे नाश्ता आणि जेवण होईल तसतशा त्याही घ्यायच्या, एका तासाच्या फरकाने काही बिघडत नाही, असे ते म्हणाले. पहिले दोन दिवस पहाटे लवकर जाग येईल, तेव्हा चहासाठी वहिनीला उठवू नका.

आता फोनचे. तुम्ही सध्या रात्री नऊला फोन करता तेव्हा इथे सकाळचे साडेसहा झालेले असतात. त्या रविवारपासून तुमच्या नऊला इथे साडेसात होतील आणि मी ऑफिसच्या बसमागे धावत असेन. म्हणून तेव्हापासून रात्री आठलाच करा. जेवण लवकर आटोपले नाही तर शनिवारची रात्र ठेवा, म्हणजे इथे रविवारची सकाळ असेल आणि मला घाई नसेल. दादाला आणि वहिनीला नमस्कार, छोट्याला गोड पापा.

कळावे,
तुमची धाकटी