कोशिगोए स्टेशनवर उतरताना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

विमानतळावर मी असेनच. पण इथे जपानमध्ये मी कामावर गेल्यावर तुम्ही दोघं कामाकुराला फिरायला जाल, तेव्हासाठी हे लिहिते आहे.

आपलं स्टेशन कोशिगोए. गाडी एनोदेन या रेल्वेमार्गाची, कामाकुरा ते फुजिसावा, अवघी १० किलोमीटर. दिवसभर बहुतेक गाड्या चार डब्यांच्या, आणि कोशिगोएचा फलाट तीनच डब्यांचा. दोन्ही टोकांना रेल्वे फाटक, वाढवणार कुठे? त्यामुळे कामाकुराच्या बाजूच्या डब्याची दारं इथे उघडतच नाहीत. परत येताना तो डबा शेवटचा असतो आणि कामाकुराला फलाटावर शिरल्या शिरल्या नेमका तोच समोर येतो. बाबा, दमला असलात तरी त्यात बसू नका, एक डबा तरी पुढे चालत जा. चुकून बसलातच, तर आतूनच पुढच्या डब्यात जाता येतं, पण ते आधीच्या स्टेशनवर करा. गर्दीत आयत्या वेळी जमत नाही. बसायला जागा मिळाली तर डावीकडची धरा, समुद्र त्या बाजूला आहे.

रूळ एकेरी. मधे गाडी उगाच थांबल्यासारखी वाटली तर उठू नका, कोकण रेल्वेसारखं क्रॉसिंग असतं. एका दिशेची गाडी १४ मिनिटांनी, म्हणजे चुकली तरी धावायचं नाही. आई, हे तुला.

तिकिटाऐवजी यंत्राला टेकवायचं कार्ड सुइकाचं घेऊ. कोशिगोएला अडवणारं दार नाही, नुसते खांब आहेत, म्हणून लोक कार्ड टेकवायला विसरतात. आत जाताना आणि बाहेर पडताना वेगवेगळ्या यंत्राला टेकवायचं. बाहेर पडताना राहिलं तर पुढच्या वेळी कार्ड अडतं आणि माणसाकडून मोकळं करून घ्यावं लागतं.

निघतानाची मेख वेगळी. फलाट एकच, दोन्हीकडच्या गाड्या तिथेच लागतात. फुजिसावाकडच्या, म्हणजे एनोशिमा स्टेशनच्या बाजूला गाडी चक्क रस्त्यावरून धावते, मोटारी बाजूला होऊन तिला वाट देतात. त्या रस्त्यावरून आलेली गाडी कामाकुराची, तीच धरायची. उलट्या गाडीत बसलात तर पुढच्याच एनोशिमाला उतरा. तिथे दोन फलाट आहेत, समोरच्यावर जाऊन परतीची गाडी घ्या.

तुमची,
धाकटी