झिला, टोकन द्यायच्या आधी हे वाच

झिला,

काल फोन मी ठेवला. रागात ठेवला आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. तू म्हणालास "आवशीक गाडयेतला काय कळता", आजूबाजूला तुझी भजनी मंडळातली पोरं होती म्हणून म्हणालास ते मला कळतं, पण लागलं रे. २६ वर्षं बाबांच्या गॅरेजची वही मी लिहिलीय. कोणाच्या गाडीचं काय गेलं, किती वेळा गेलं, काय घातलं, पैसे कोणी दिले कोणी नाही, सगळं माझ्या अक्षरात आहे. असो. भांडायला लिहीत नाहीये. शनिवारी त्या जुन्या मरिनाचं टोकन देणार म्हणालास म्हणून बाबांच्या खाटेजवळ बसून मोबाईलवर टाइप करतेय, मधे मधे त्यांना वाचून दाखवतेय.

गाडी घ्यायला माझी ना नाही, हे आधी सांगते. आणि मागून लांब गाडीच का हवी तेही कळतं. चौघं माणसं, पेटी, पखवाज, तबला, झांजा, वर प्रत्येकाची पिशवी, हे साध्या डिकीत बसत नाही. टपावर तर पखवाज बांधायचाच नाही. आचऱ्याच्या भजनाच्या बारीला रिक्षाच्या टपावर बांधून नेलात, वाटेत सर आली, पुडीचं कातडं भिजून ढिलं पडलं आणि तू ती रात्र दुसऱ्याच्या पखवाजावर काढलीस. घरी आलास तेव्हा तुझं तोंड बघवत नव्हतं. जेवलाही नाहीस. तेव्हापासून मलाही वाटतंय की याच्याकडे स्वतःची गाडी हवी. फक्त ते रात्रीचं... ते नंतर लिहिते.

आता तुझी मरिना, इंडिगो मरिना. टाटांनी ती २००४ ला आणली, चांगली ऐसपैस गाडी, पण लोकांनी फारशी घेतली नाही, आपल्या गॅरेजात येणारे म्हणायचे ही तर ॲम्ब्युलन्स वाटते. म्हणून आज १ लाख १५ हजारात मिळतेय. स्वस्त आहे म्हणून वाईट असेल असं नाही. इंजिनचं सामान इंडिकाचं, त्यामुळे कुठलाही जुना मेस्त्री उघडून बसवेल. पण इंडिका बंद झाली २०१८ ला, सामान हळूहळू कमी होत जाणार, आणि मागचा दरवाजा, मागची काच, मागचे दिवे हे फक्त मरिनाचे. रिव्हर्स घेताना माडावर घातलीस आणि काच फुटली तर भंगारवाल्यांकडे शोधत फिरावं लागेल. हे धरून चाल.

ती २००८ ची आहे म्हणालास ना, म्हणजे १५ वर्षं २०२३ लाच झाली. परत पासिंग केलंय का ते आरसीवर बघ, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. केलं नसेल तर ते काम आणि तो खर्च तुझ्या गळ्यात येईल. आरसीवर कर्जाचा बोजा दिसतोय का तेही बघ, दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाने तुझ्यासमोर सही करायची. एजंटने आधीच सही घेऊन ठेवलेले कोरे फॉर्म नकोत, बाबा असे फॉर्म बघून गिऱ्हाईकाला परत पाठवायचे.

पण माझी खरी धास्ती दुसरीच आहे. गाडी एमएच १० आहे. सांगलीची. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं ते तू कोल्हापुरात बसून बघितलंस, तुमच्याकडे पंचगंगेचं तेच, आणि जुलै २०२१ ला परत. तेव्हा ही गाडी कुठे उभी होती हे विचारलंस का? मावशीची गाडी आठव. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी स्टिअरिंगच्या वर गेलं होतं. दलालाने नेली, धुतली, नवीन कार्पेट घातलं, अत्तरासारखा वास मारला आणि विकली. ज्याने घेतली तो पाच महिन्यांनी मावशीला शोधत दारात आला, रात्री हायवेला हेडलाइट आपोआप गेले म्हणून. वायरिंग आतून हिरवं पडलेलं. मावशीला बिचारीला काय सांगावं कळेना.

म्हणून असं कर. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, अगदी शेवटपर्यंत, पाण्यात गेलेल्या गाडीचा चिखल तिथे राहतो कारण तेवढं कोणी धूत नाही. सीट ज्या पट्टीवर पुढेमागे सरकते तिचे बोल्ट बघ. स्टेपनी उचल आणि खालच्या खड्ड्यात बोट फिरव, कोपऱ्यात बारीक गाळ लागतो का. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का. डॅशबोर्डखाली आडवा होऊन टॉर्च मार, स्क्रू गंजलेत का, फ्यूजच्या खोक्यात पांढरट हिरवट काही आहे का. काचा वर करून गाडी उन्हात तासभर ठेवायला सांग आणि मग दार उघडून वास घे. एवढ्या जुन्या गाडीत कार्पेट कोरं करकरीत दिसलं तर विचार का बदललं. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची चौकशी करता येते, पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर कशाचा क्लेम घेतला ते सरळ विचार.

आणि गंज. सांगलीची गाडी असेल तर खारा वारा लागलेला नसेल, ते एक बरं. पण तू ती आपल्याकडे आणणार, मंडपाबाहेर समुद्राच्या वाऱ्यात रात्र रात्र उभी करणार. रनिंग बोर्ड, चाकांच्या वरचं पत्र्याचं वळण, जॅक लावायची जागा, इथून खायला सुरुवात होते. बाबा म्हणायचे "रंग काय बघतंस, गाडयेखाली बग". रुमालात लोहचुंबक गुंडाळून फिरव, जिथे धरणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

इंजिन गार असताना सुरू करायला सांग, आधी बोनेटवर हात ठेवून बघ, गरम लागलं तर त्याने तू यायच्या आधी चालू करून ठेवलंय. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाच्या सायीसारखं काही दिसलं तर तिथूनच घरी ये. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग, तोंडी सांगितलेलं धरू नकोस, त्या डिझेलला बेल्ट आहे, चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि अख्खं हेड काढावं लागतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, १४१८ असेल तर २०१८ सालचा चौदावा आठवडा, मग नक्षी कितीही चांगली दिसू दे, तो टायर घाटात नको.

फारच शाळा घेतली का तुझी? माफ कर. तू ३४ वर्षांचा आहेस, दोन वर्षं बाबांच्या हाताखाली पाने दिलेस, यातलं अर्धं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. फोनवर मी हेच नीट सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस, मी ओरडले. पण तूही लगेच "तुका काय कळता" म्हणालास. बरं. सोडलं.

एक आठवलं. तुला आठवत असेल की नाही, तू पाच वर्षांचा होतास. डॉक्टरांची टाटा इस्टेट गॅरेजला आली होती, त्या गाड्या ९२ साली निघाल्या तेव्हा आपल्या भागात कोणाकडे नव्हत्या, बघायला लोक यायचे. दुपारी तू दिसेनास. आधी शेजारी, मग शाळेकडे, मग मी विहिरीवर गेले. विहिरीत वाकून हाका मारल्या मी. नाना काकांनी गळ आणला. संध्याकाळी बाबा डॉक्टरांची गाडी बाहेर काढायला गेले, मागचा दरवाजा वर केला तर आत तू, गोधडीसारखा गोळा होऊन झोपलेला, गालावर मॅटची नक्षी उमटलेली. बाबांनी तुला उचललं नाही, आधी मला हाक मारली, आणि दोघंही कितीतरी वेळ नुसते बघत उभे राहिलो. काल तू "मागे एवढी जागा आहे की माणूस झोपेल" असं म्हणालास ना, तेव्हा मला ते दिसलं आणि मी फोन ठेवला. राग नव्हता तो सगळा.

म्हणून आता ते रात्रीचं लिहितेच. डबलबारी, दोन बुवांचा भजनाचा सामना, संपते पहाटे चार साडेचारला. कणकवलीहून फोंडाघाट चढून, दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूर, शंभरेक किलोमीटर. सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून तू तसाच निघणार, मला माहीत आहे तू काय करणार. वर धुकं, दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर उभे असतात, काळे, लाइट पडेपर्यंत दिसत नाहीत. आणि रात्रभर पखवाज वाजवून हात जड झालेले. आत्तापर्यंत तुम्ही एसटीने किंवा दुसऱ्याच्या गाडीतून यायचात, मागे झोपायचात. आता चालवणारा तूच.

तुला एक सांगितलं नव्हतं. बाबांचा डावा गुडघा शिडीवरून पडून गेला असं आम्ही सांगितलं ते खरं नाही. कोल्हापूरहून इंजिनचं सामान घेऊन रात्री उतरत होते, फोंडाघाटात एका वळणावर डोळा लागला. कठडा होता म्हणून. तू आठवीत होतास, तुझी परीक्षा होती. गाडी खालपर्यंत ओढून आणली आणि तुझ्या नजरेला पडायच्या आधी तिचा पुढचा भाग उघडून ठेवला. त्यानंतर त्यांनी रात्रीचा घाट कधी धरला नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. आत्ता हे वाचून दाखवल्यावर ते माझ्याकडे बघतायत, सांगितलंस का म्हणून. सांगितलं. सांगायला हवं होतं.

गाडी कुठलीही घे, पण बारी झाली की तिथेच देवळात आडवा हो, ऊन वर आलं की निघ. सोमवारची रजा टाक. हे मी परत परत लिहिणार नव्हते.

पैशाचं. २ लाख आहेत म्हणून २ लाखाची गाडी बघू नकोस, दीडची बघ आणि उरलेले टायर, बॅटरी, बेल्ट, क्लच यांना ठेव. मरिना १ लाख १५ ला बसतेय, त्या हिशेबात ती बरोबर आहे, तिथे तू चुकला नाहीस. पण वर सांगितलेल्यातलं काही एक जरी निघालं तरी सोड. मग माझं ऐकशील तर मारुतीची ईको बघ, पाच सीटची, सीएनजी नसलेली, कारण टाकी मागची जागा खाते. दिसायला तुला आवडणार नाही. पण मागे पखवाज उभा राहील, आणि सामान वैभववाडीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही दुकानात मिळेल. २०१५ च्या आसपासची थोडी महाग पडेल. पोस्टातली माझी आरडी पुढच्या महिन्यात पुरी होतेय, ६२ हजार येतील. ते तुझे. नको म्हणू नकोस, ते मी बाबांच्या औषधाच्या पैशातून काढलेले नाहीत, काजूच्या बियांचे आहेत.

आंगणेवाडीच्या जत्रेला एका काकांनी मला विचारलं, पखवाजावर होता तो तुमचा झील काय? मी हो म्हटलं आणि पुढे बोलता येईना. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

शनिवारी एकटा जाऊ नकोस, गॅरेजातल्या जुन्या पोराला कोल्हापुरात बोलावून घे, तो येईल, त्याच्या लग्नाची गाडी बाबांनीच तयार करून दिली होती. स्टेपनीच्या खड्ड्याचा आणि सीटबेल्टचा फोटो मला पाठव, बाबांना दाखवते.

त्यांनी आत्ता डावा हात उचलून खाटेच्या कडेवर पालथा ठेवलाय. बोनेटवर ठेवायचे तसा. इंजिन गार असताना बघ म्हणतायत.

रविवारी येतोस काय ते कळव. दिवसा ये.

तुझी आई