धाकट्याच्या वाट्याचे १६ नांगर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेक्सपिअरचे 'अ‍ॅज यू लाइक इट' मराठीत करायला घेतले की तालमीत तीन ठिकाणी हमखास अडते. थोरला भाऊ धाकट्याचा एवढा दुस्वास का करतो, हे करणाऱ्या नटालाच कळत नाही. दुष्ट ड्यूकची मुलगी सीलिया आणि हाच थोरला भाऊ ऑलिव्हर एकमेकांना पाहतात आणि लगेच लग्नाला उभे राहतात, तेव्हा नको तिथे हशा येतो. शेवटी दुष्ट ड्यूक रानात एका साधूला भेटून सुधारला, अशी बातमी एक अनोळखी माणूस येऊन सांगतो, त्या वेळी मागच्या रांगा उठायला लागलेल्या असतात. दोष बिचाऱ्या नटांच्या माथी जातो. आमचे म्हणणे असे, की ज्या कथेवरून हे नाटक बेतले आहे ती वाचल्याशिवाय या तिन्ही जागा सुटत नाहीत. सोलापुरातल्या महाविद्यालयांनी आणि हौशी संघांनी रूपांतराला हात घालण्यापूर्वी ती वाचावी, एवढ्यासाठी हे पत्र.

कथा थॉमस लॉज याची, नाव 'रोझालिंड', छापली गेली १५९० मध्ये, म्हणजे नाटकाच्या सुमारे नऊ वर्षे आधी. कॅनरी बेटांकडे जाणाऱ्या जहाजावर ती लिहिल्याचे लॉजने प्रस्तावनेत सांगितले आहे. भावांच्या भांडणाचा भाग त्याने गॅमेलिन नावाच्या वीराच्या एका जुन्या इंग्रजी पद्यकथेतून उचलला आणि त्यात मेंढपाळांचे रान, वेषांतर आणि प्रेमगीते आणली.

आता पहिली जागा. बोर्दोचा सर जॉन मरताना तीन मुलांना वाटणी करून देतो. थोरला सॅलाडाइन याला १४ नांगर जमीन, सगळे वाडे आणि उंची चांदीची भांडी. मधला फर्नांडाइन पॅरिसला शिकणारा, त्याला १२ नांगर. धाकटा रोझेडर याला बापाचा घोडा, चिलखत, भाला आणि १६ नांगर. एक नांगर म्हणजे एका औताने वर्षभरात कसून होईल एवढी जमीन. बेरीज केली तर ४२ नांगरांतला सर्वांत मोठा तुकडा धाकट्याला, शिवाय बापाची हत्यारेही त्यालाच. थोरला तेव्हाच जळतो. धाकटा अजून लहान आहे, कारभार आपल्या हाती आहे, मधला पुस्तकात बुडालेला आहे, असा हिशेब तो स्वतःशी मांडतो आणि भावाला नोकरासारखा राबवतो.

शेक्सपिअरने हे सगळे पुसून धाकट्याच्या हातावर फक्त एक हजार क्राउन ठेवले. मग ऑलिव्हरला म्हणावे लागते, की याचा मला एवढा तिटकारा का, ते माझे मलाच ठाऊक नाही. इंग्रजी रंगभूमीवर ते खपून जात असेल. सात-बाऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले पाहणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला मात्र १४ आणि १६ हे दोन आकडे पुरतात. पहिल्या प्रवेशात मृत्युपत्र वाचून दाखवा, दीड-दोन मिनिटांचे काम आहे. पण आकडे गाळू नका, आणि घोडा व भाला धाकट्याच्या स्वाधीन करताना थोरल्याला रंगमंचावर ठेवा.

कुस्तीतही फरक आहे. नाटकात मल्ल चार्ल्स नुसता आपटला जातो आणि उचलून नेला जातो. कथेतला नॉर्मन मल्ल आधी एका शेतकऱ्याचे दोन्ही मुलगे मारतो, आणि मग रोझेडर त्याला ठार करतो. या मल्लाला भावाला मारण्यासाठी थोरल्याने पैसे चारलेले आहेत. रोझेडर झुंजीला उतरताना नायिका रोझलिंडकडे बघत भान हरपतो, आणि मध्ये दम घेताना तिच्याच नजरेने त्याला बळ येते. लढत बसवणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. तिच्या नजरेनेच तो पेटतो हे दिसले पाहिजे, नाहीतर प्रेम आणि कुस्ती ही दोन वेगळी कामे होऊन बसतात.

यानंतरचा प्रसंग शेक्सपिअरने पूर्ण गाळला. आमच्या मते तो कथेतला सर्वांत नाट्यमय प्रसंग आहे. सॅलाडाइन भावाला झोपेत पकडतो आणि दिवाणखान्याच्या मधोमध खांबाला साखळदंडाने बांधतो. अन्नपाणी बंद. घरातला म्हातारा नोकर अ‍ॅडम स्पेन्सर रात्री चोरून त्याला खाऊ घालतो आणि बेड्यांची कुलुपे उघडून ठेवतो, पण साखळ्या अंगावर तशाच राहू देतो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना, सोयऱ्याधायऱ्यांना जेवण आहे. रोझेडरने त्यांच्याकडे दाद मागायची, कोणी मध्ये पडले नाही तर अ‍ॅडम इशारा करील, की साखळ्या झटकून दोघांनी परश्या उचलायच्या, असे ठरते. पाहुणे यजमानाची बाजू घेतात आणि पुढे जे व्हायचे ते होते. थोरला पळून शेरीफकडे जातो, शेरीफ २५ माणसे घेऊन येतो, आणि हे दोघे त्यांना फोडून आर्डेनच्या रानाकडे निघून जातात.

पाऊण तासाची एकांकिका करायची असेल तर एवढाच भाग पुरेसा आहे. नेपथ्याला एक खांब आणि एक पंगत लागते. एक धोका सांगून ठेवतो. साखळी खरी लोखंडी घेतली तर झटकताना ती नटाच्या घोट्यावर आदळते, आणि प्लास्टिकची घेतली तर आवाज येत नाही. हलकी साखळी घ्या, खणखणाट विंगेतून द्या. कुलूप उघडे आहे हे प्रेक्षकाला रात्रीच्या प्रवेशातच दिसायला हवे. ते आधी कळले तरच पंगतीतला ताण टिकतो.

हद्दपारीचे कारणही कथेत पक्के आहे. टॉरिसमंड हा फ्रान्सचे राज्य बळकावून बसलेला राजा, आणि खरा राजा जेरिसमंड रानात वनवासात. कथेत हे दोघे भाऊ नाहीत, भाऊ त्यांना शेक्सपिअरने केले. जेरिसमंडची मुलगी रोझलिंड दरबारातच राहते. तिच्याशी एखाद्या सरदाराने लग्न केले तर तो बायकोच्या नावाने गादी मागेल, ही टॉरिसमंडची भीती. म्हणून तिला बाहेर काढायचे. त्याची स्वतःची मुलगी अ‍ॅलिंडा मैत्रिणीची बाजू मांडते तेव्हा तो तिलाही हाकलतो. नाटकातली सीलिया आपणहून निघते, कथेतल्या अ‍ॅलिंडाला घालवले जाते. बापाचा हा कठोरपणा पुढे फार उपयोगी पडतो.

दोघी रानात येतात. रोझलिंड गॅनिमीड नावाच्या मुलाच्या वेषात, अ‍ॅलिंडा एलिएना या नावाने. कोरिडॉन नावाचा म्हातारा मेंढपाळ सांगतो, की मालक शेत आणि कळप विकायला काढतो आहे. एलिएना दोन्ही विकत घेते आणि कोरिडॉनला कामावर कायम ठेवते. इथे आपल्याकडचे रूपांतरकार एक चूक करतात. मेंढपाळ म्हटले की सांगोला-माळशिरसकडचा धनगर डोळ्यांपुढे येतो, मग घोंगडी, फेटा, पावसाळा संपल्यावर चाऱ्यामागे मुलूख पालथा घालणारा वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ. पण कोरिडॉन फिरस्ता नाही. त्याच्याकडे एका जागची कुरणे, एक झोपडी आणि दुसऱ्याच्या मालकीची मेंढरे आहेत. वाडा पुढच्या शिवारात गेला तर रोझेडरने रोज त्याच ठिकाणी येऊन गॅनिमीडला भेटायचे कसे? गावच्या बागाईतदाराची मेंढरे राखणारा गडी दाखवा, सगळे जमते. कोरिडॉन मेंढपाळाच्या सुखी आयुष्याचे जे गोडवे गातो ते कापायला हरकत नाही. मेंढरांची लागण किंवा चाऱ्याचा भाव यांचा त्यात मागमूस नाही.

आर्डेनच्या भूगोलाबद्दल वाद घालू नये. बोर्दो फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, आर्डेनचे डोंगर ईशान्येला, आणि लॉजच्या रानात पाइनच्या ओळींत लिंबे आणि महाळुंगे लावलेली आहेत. त्या रानात सिंहही आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडगा दिसतो, म्हणून त्या जागी लांडगा आणावा असे कोणाच्या मनात येईल. तसे करू नका. हा सिंह झोपलेल्याला किंवा मेलेल्याला तोंड लावत नाही, जागे होण्याची वाट पाहत बसून राहतो. रोझेडरला विचार करायला वेळ मिळतो तो त्यामुळेच. भावाला मरू द्यावे, म्हणजे जमीन आपली, हे त्याच्या मनात येऊन जाते. मग तो भाला घेऊन सिंहावर जातो.

झोपलेला तो सॅलाडाइन. त्याच्या जमिनीवर डोळा ठेवून टॉरिसमंडने त्याला आधी तुरुंगात टाकले, मग देशाबाहेर काढले. तुरुंगातच त्याला भावाशी केलेल्या अन्यायाचा पश्चात्ताप झालेला आहे. नाटकात ऑलिव्हरचे सुधारणे पडद्याआड उरकते आणि आपण ते त्याच्याच तोंडून ऐकतो. तुरुंगातले अर्ध्या पानाचे स्वगत घातले की ही ठिगळाची जागा राहत नाही.

आता सीलियाच्या झटपट लग्नाची गोष्ट. कथेत रानातले काही दरोडेखोर एलिएनाचे रूप ऐकतात. राजा बाईलवेडा आहे, ही पोरगी पळवून त्याला नजर केली तर आपले गुन्हे माफ होतील, असा त्यांचा बेत. ज्या पोरीला ते राजाकडे न्यायला निघाले आहेत ती त्याचीच मुलगी आहे, हे त्यांना माहीत नाही. वाचकाला माहीत आहे. रोझेडर मध्ये पडतो, जखमी होतो, आणि तेवढ्यात सॅलाडाइन येऊन मुलीला सोडवतो. ती आभार मानते, बोलणे वाढते, तो नजर वर करत नाही, ती चिडवते. लग्नापर्यंत पोहोचायला लॉज पाने घेतो. शेक्सपिअरने दरोडेखोर काढून टाकले आणि प्रेम तसेच ठेवले. पाया काढून भिंत ठेवावी तसे झाले. नाटकातला तो प्रवेश हशाविना न्यायचा असेल तर दरोडा परत आणावा लागेल. तीन माणसे आणि दोन मिनिटांची झटापट पुरते. अ‍ॅलिंडाला घालवणाऱ्या बापाचे नाव दरोडेखोरांच्या तोंडी एकदा यायलाच हवे, म्हणजे वर सांगितलेला हद्दपारीचा प्रवेश इथे फळाला येतो.

मेंढपाळ मोंटेनस आणि त्याला झिडकारणारी फीबी यांचे प्रकरण नाटकात जवळजवळ जसेच्या तसे आले आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पात्रयोजना करणाऱ्यासाठी एवढे सांगतो, की उदास जेक्स, विदूषक टचस्टोन आणि ऑड्री ही लॉजची नव्हेत, शेक्सपिअरने घातलेली. म्हणून कथेत जोडपी तीन, नाटकात चार. नट कमी असतील तर टचस्टोन आणि ऑड्री काढल्याने मूळ सांगाड्याला धक्का लागत नाही, नाटकाची गंमत मात्र निम्मी जाते. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. जेक्स नावाची माणसे नाटकात दोन आहेत. शेवटी बातमी आणणारा मधला भाऊही जेक्सच, कारण फर्नांडाइनचे नाव बदलताना तेच नाव पुन्हा वापरले गेले. रूपांतरात एकाचे नाव बदलाच, प्रेक्षक खरोखर गोंधळतात.

लॉजचे दोषही आहेत. त्याची पात्रे दोन ओळींचे काम दोन पानांच्या स्वगतात करतात, वाक्ये तराजूच्या पारड्यांसारखी जोडीजोडीने येतात, आणि कुठल्याशा दगडाच्या नाहीतर पाखराच्या गुणाचा दाखला दिल्याशिवाय कोणी प्रेमात पडत नाही. प्रत्येक स्वगतातला पहिला आणि शेवटचा विचार ठेवून मधले कापले तर अर्थ जात नाही, हे निर्धास्तपणे करा. गीते मात्र चांगली आहेत, विशेषतः छातीत शिरलेल्या मधमाशीसारख्या प्रेमाचे रोझलिंडचे गीत.

शेवटाकडे येतो. लग्नाच्या जेवणात फर्नांडाइन येतो आणि सांगतो, की फ्रान्सचे १२ सरदार जेरिसमंडसाठी शस्त्र घेऊन उठले आहेत आणि टॉरिसमंडशी लढाई तोंडावर आहे. सगळे ताट सोडून घोड्यावर बसतात. टॉरिसमंड रणात पडतो. साधू नाही, उपरती नाही. नवा राजा रोझेडरला वारस करतो, सॅलाडाइनला त्याची जमीन परत देतो, फर्नांडाइनला चिटणीस नेमतो, मोंटेनसला आर्डेनचा मालक करतो आणि कोरिडॉनच्या हाती अ‍ॅलिंडाचे कळप सोपवतो. नाटकातला म्हातारा अ‍ॅडम दुसऱ्या अंकानंतर कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. उपाशी रोझेडरला जगवण्यासाठी स्वतःची शीर कापून रक्त पाजायला निघालेला हा नोकर लॉजला विसरला नाही, त्याने त्याला राजाच्या पहाऱ्याचा कप्तान केले. शेवटच्या प्रवेशात अ‍ॅडमला रंगमंचावर आणावे, हातात पंगतीतली तीच परशू द्यावी. संवाद लागत नाही.

पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य मिळते, स्पेलिंग सुधारलेली प्रत घ्यावी.

कळावे,
आपले,
इंग्रजी साहित्याचे दोन अध्यापक, सोलापूर