कुलपाआधी दाराचं बघू

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर दाराला आकड्यांनी, कार्डानं किंवा बोटाच्या ठशानं उघडणारं डिजिटल कुलूप बसवायचा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आईला नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी ऐकू येते. म्हणून लिहूनच पाठवते आहे. निवांत वाचा. सेल संपतोय, ऑफर संपतेय असं कोणी म्हणालं तरी घाई करायची नाही.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे: लाईट गेली तर? ही कुलपं घरच्या विजेवर चालतच नाहीत. आतल्या बाजूला पेन्सिल सेल असतात, बहुतेकांत चार. ते उतरायला लागले की कुलूप आधीपासून आवाज करून सांगतं. तरी दुर्लक्ष झालंच, तर बाहेरच्या बाजूला मोबाईलच्या चार्जरची वायर किंवा ९ व्होल्टचा चौकोनी सेल लावायची सोय असते. तेवढ्या विजेवर एकदा दार उघडून घेता येतं. आणि हे सगळं फसलं तर किल्ली. किल्लीची सोय नसलेलं मॉडेल कितीही देखणं असलं तरी घ्यायचं नाही. सेल मात्र अल्कलाईनच घाला, घड्याळातले स्वस्तातले नकोत. तुमचे ते चार्ज करून वापरायचे सेलही नकोत. साधा सेल १.५ व्होल्टचा, तो १.२ चा, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा कुलपाचा अंदाज चुकतो.

बोटाच्या ठशाचं कौतुक दुकानदार सगळ्यात जास्त करेल. आई, तुझा अंगठा रेशनच्या मशीनवर किती वेळा उमटत नाही ते तुलाच माहीत. वयानं बोटांवरच्या रेघा झिजतात, कातडी कोरडी पडते, त्यात तुझी भांडी-धुणी. बाबांच्या हयातीच्या दाखल्यालाही नोव्हेंबरात हीच रडकथा होती. चेहरा दाखवून दाखला मिळायला लागला तेव्हा कुठे सुटका झाली. त्यामुळे तुमच्यासाठी ठसा ही जोडीची सोय, भरवसा ठेवायचा तो आकड्यांवर आणि कार्डावर. ठसे नोंदवाल तेव्हा दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवा. कार्ड आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात राहील. आकडा जन्मसालाचा नको आणि घराच्या नंबरचा तर नकोच. बऱ्याच कुलपांत खऱ्या आकड्याच्या आधी-नंतर वाटेल ते आकडे दाबले तरी चालतात, म्हणजे मागे कोणी उभं असेल तर त्याला नेमका आकडा कळत नाही. ही युक्ती बाबांना आवडेल.

कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा आकडा देता येतो. त्यांनी काम सोडलं की तेवढाच पुसायचा, सगळ्या किल्ल्या बदलत बसायला नको. दूध आणायला गेलं आणि मागे लॅच लागला, की आई गाऊनवर जिन्यात उभी राहते, तेही थांबेल. फक्त ही कुलपं काही सेकंदांत आपोआप लागतात, म्हणून आकडा दोघांनाही पाठ हवा. एकट्या बाबांना नाही.

आता दार. आपलं लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि बाबा खांदा लावून ते बंद करतात. हाताच्या लॅचला तुमचा खांदा मिळतो, मोटरला कुठून मिळणार? कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेत नीट बसली नाही की मोटर कुरकुरते, सेल भराभर उतरतात आणि एखाद्या दिवशी दार उघडतच नाही. बऱ्याच तक्रारी कुलपाच्या नसतात, दाराच्या असतात. म्हणून आधी सुताराला बोलवा, तेही आत्ताच, दार फुगलेलं असताना. कुठे घासतं ते आत्ताच दिसेल. जिथे रंधा मारेल तिथे लगेच रंग किंवा पॉलिश लावून घ्या. लाकूड उघडं राहिलं तर पुढच्या पावसात पुन्हा पाणी ओढेल.

दुकानात दोन प्रकार दाखवतील. एक दाराच्या कडेत मोठी खाच पाडून आत बसवायचं, मोठ्या हँडलचं. दुसरं आपल्या लॅचसारखं आतून वर बसवायचं. मला दुसरं बरं वाटतं. पहिल्यासाठी दार एवढं कोरतात की उद्या नकोसं झालं तर परत फिरता येत नाही. शिवाय आपलं सेफ्टी डोअर लाकडी दाराच्या अगदी जवळ आहे, मोठं हँडल त्यावर आपटेल.

वायफायवर चालणारं, माझ्या फोनवरून उघडणारं कुलूप दादाला हवं आहे. मला नको. तुम्ही किती वाजता बाहेर गेलात, कधी आलात, याची नोंद माझ्या फोनवर येत राहिली तर मी रोज ती बघणार आणि रोज तुम्हाला विचारणार. तुम्ही दोघं काही शाळेतली मुलं नाही. आणि राउटर बंद पडला की ते लांबून उघडणंही बंद. बसवणारा माणूस गेला की कंपनीचा मूळ आकडा लगेच बदला. पुढे "कुलूप कंपनीतून बोलतोय, आकडा सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

पण खरं लिहायचं आहे ते आतल्या कड्यांबद्दल. रात्री बाबा लॅच लावतात, मग वरची कडी, खालची कडी, साखळी, आणि शेवटी सेफ्टी डोअरला आतून कुलूप. एवढं सगळं तसंच राहणार असेल तर नव्या कुलपाचे दहा-पंधरा हजार घालवूच नका. मध्यरात्री एक जण बाथरूममध्ये पडला आणि दुसऱ्याला उचलता येईना, तर शेजारच्या काकांना आकडा माहीत असून ते बाहेर उभे राहून काय करणार? बी विंगमधल्या आजींच्या वेळी दार फोडायला सुतार येईपर्यंत सगळे जिन्यात ताटकळत होते, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. चोराची भीती मला कळते. पण तुमच्या वयाला मला चोरापेक्षा ओल्या फरशीची भीती जास्त वाटते.

नव्या कुलपाला रात्रीसाठी आतून एक बटण असतं. ते दाबलं की बाहेरून आकडा चालत नाही. त्या अवस्थेतही किल्लीनं दार उघडतं का, हे घेण्याआधी दुकानात करून दाखवायला सांगा. नुसतं "हो" चालणार नाही. आतून मात्र किल्ली न शोधता, एका हातानं उघडायला हवं. आग लागली तर चष्मा शोधायलाही वेळ नसतो. सेफ्टी डोअरचं कुलूपही बाहेरून किल्लीनं उघडणारं करून घ्या आणि दोन्ही किल्ल्यांचा एक जोड काकांकडे ठेवा. आपल्या कपाटातल्या किल्लीचा अशा वेळी काही उपयोग नाही.

बाबा, टेपनं दोन मापं घ्या: लाकडी दाराची जाडी, आणि दोन्ही दारं बंद असताना त्यांच्यामधली जागा. जाडी ३५ मिलिमीटरच्या आसपास भरेल. त्याहून कमी असेल तर मला आधी सांगा, बरीच कुलपं बसणार नाहीत. आई, कड्यांचं तू बाबांशी बोल. माझं ऐकणार नाहीत. सगळ्या एकदम काढा म्हणत नाही, पण खालची कडी आणि साखळी या आठवड्यापासून लावू नका. त्याला नवं कुलूप यायची वाट बघायला नको.

तुमची,
मनू